हाताखालची मुलगी

गुरुशिष्यांच्या नात्याचे गोडवे आपण गातो ते बहुधा गवयांच्या आणि पैलवानांच्या. फार तर आम्हां मास्तर मंडळींची त्यात कुठंतरी सोय लावतो. पण एक नातं असं आहे, की ज्यात शिष्याची चूक वहीत न उमटता दुसऱ्याच्या देहावर उमटते. इस्पितळातली सिस्टर आणि तिच्या हाताखाली शिकणारी मुलगी, यांचं नातं म्हणतो मी.

गेल्या पावसाळ्यात आईला न्यूमोनिया झाला आणि आठ दिवस मी तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावर मुक्काम ठोकला. मास्तराला रिकामा वेळ मिळाला की तो दुसऱ्याचं शिकवणं तपासू लागतो! वॉर्डात पाच-सहा शिकाऊ मुली होत्या. सकाळच्या सिस्टरांच्या नुसत्या चपला वाजल्या तरी मुली ताठ होत. "एवढंही येत नाही?" हाच त्यांचा पाठ. त्यांच्या पाळीत कुणी कधी अडत नसे. सारे आकडे चटाचटा लिहिले जात. दुपारच्या सिस्टर वयानं मोठ्या, आवाजानं मऊ.

एके दुपारी अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी आईचा रक्तदाब घेऊ लागली. पट्टा बांधला, फुगवला, कान देऊन ऐकलं. पुन्हा ऐकलं. तक्त्यावर सकाळचा आकडा होताच. तोच उतरवला असता तर कुणाला कळणार होतं? मुलगी उठली आणि म्हणाली, "सिस्टर, मला ऐकूच येत नाही."

"बरं झालं सांगितलंस." सिस्टर आल्या, पण यंत्राला त्यांनी हात लावला नाही. "आजींचा हात जरा मोकळा राहू दे. आता मनगटाची नाडी धर आणि पट्टा फुगव. नाडी बुडेल तिथून आणखी तीस चढव. मग हळूहळू सोड, आणि कोपराशी ऐक."

मुलीला ऐकू आलं. आकडा सकाळपेक्षा पुष्कळ खाली होता. सिस्टरांनी स्वतः मोजून खात्री केली आणि तडक डॉक्टरांना बोलावलं. आई त्यातून उठली. औषधाचा गुण खराच. पण औषध वेळेवर आलं ते त्या मुलीच्या एका वाक्यामुळं, आणि ते वाक्य बोलण्याचं धैर्य तिला सिस्टरांनी आधीच देऊन ठेवलं होतं.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा निघाली, तिथंही मुली वॉर्डातल्या सिस्टरांच्या नजरेखालीच शिकत. आपल्याकडे १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनानं, रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं, बायकांना ससून रुग्णालयात या शिक्षणासाठी धाडलं. ही विद्या पुस्तकातून निम्मीच येते; उरलेली कुणाच्या तरी शेजारी उभं राहून घ्यावी लागते.

सकाळच्या सिस्टरांनाही मला दोष देववत नाही. वॉर्डभर खाटा, हाताशी माणसं थोडी, त्यात शिकवण्याचं काम वरून पडलेलं. पण धाकानं मुली चुकायच्या थांबत नाहीत. सांगायच्या तेवढ्या थांबतात.

तुम्ही हा अंक चाळत असाल तेव्हाही, फराळाचा डबा बाजूला ठेवून, एखादी मुलगी कुठल्याशा वॉर्डात रात्रपाळीला असेल. आपलं माणूस तिच्या हाती असलं आणि ती मध्येच अडखळली, तर कपाळाला आठी घालू नका. "सिस्टरांना विचारून ये हो, आम्ही थांबतो," एवढंच तिला म्हणा.