खडी, मुरूम आणि काळी माती : जिंतूरच्या वाटांवरील मोटारसायकल

परभणी जिल्ह्यातील वाट ओळखावयाची असेल, तर नकाशापेक्षा पायाखालची जमीन पाहावी. गोदावरी आणि पूर्णा यांच्या काठांनी कापसाची काळी, खोल जमीन पसरली आहे. उन्हाळ्यात तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या दमदार पावसानंतर तीच जमीन फुगून लोण्यासारखी होते. उत्तरेस जिंतूरकडे वळले की डोंगर लागतात, माती विरळ होते आणि तांबूस-करडा मुरूम दिसू लागतो. डांबरी सडक सोडून आत शिरणाऱ्यास या जिल्ह्यात तीन प्रकारची वाट मिळते : खडी अंथरलेली पण डांबराची वाट पाहत पडलेली, मुरूम टाकलेली, आणि शेताशेतांमधून जाणारी निव्वळ मातीची पाणंद. तिन्ही वाटांवर दुचाकीची वागणूक निरनिराळी असते.

आपल्यापैकी अनेक घराण्यांची पेढी याच वाटांवर उभी राहिली. निजामाच्या काळात मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आली. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा या स्थानकांलगत आडती आणि कापसाचे जिन उभे राहिले. परंतु गाडीत चढणारा माल गावागावांतूनच येत असे, आणि गावापर्यंत रेल्वे नव्हती. आजोबांच्या पिढीने बैलगाडी आणि तट्टू वापरले, वडिलांच्या पिढीने सायकल. पुढे अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) फिरोदिया घराण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लुना आणली आणि बाजारच्या दिवशी गाठोडे मागे बांधून निघणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला पेट्रोलची चाके मिळाली. राजदूत आणि एम-एट्टी ही खेड्यातील खरी कष्टाळू वाहने. १९८५ पासून चार स्ट्रोकच्या १०० सीसी मोटारसायकली आल्या आणि हळूहळू प्रत्येक दुकानासमोर त्यांपैकी एक उभी दिसू लागली. मात्र यांतील एकही वाहन खडीसाठी घडविलेले नव्हते. ते खडीवर चालते, कारण जिंतूर, बोरी, चारठाणा येथील मेस्त्रींनी ते तसे करून दिले.

हा विषय आमच्या घरात गेल्या वर्षी ऐरणीवर आला. आमचे दुकान बियाणे-खते आणि किराण्याचे. आडगाव बाजार, वस्सा, सावंगी म्हाळसा या भागांत आणि त्यांच्या अलीकडच्या-पलीकडच्या वाड्यांवर आमची फेरी असते : मागणी घ्यावयाची, उधारीची आठवण द्यावयाची, पीक कसे आहे ते डोळ्यांनी पाहावयाचे. फोनवरून मागणी येते. उधारी फोनवर येत नाही. फेरीवरील आमच्या मुनीमजींचे चाक एका वळणावर सुट्या खडीत घसरले आणि खांद्याचे हाड मोडले. वेग जेमतेम सायकलीइतका होता. त्यानंतर घरात दोन मते झाली. वहिनींचे म्हणणे, फेरी बंद करावी, गिऱ्हाईक दुकानात येईल तेवढे पुरे. पुतण्याचे म्हणणे, फेरी मी करतो, पण डोंगराळ रस्त्यांसाठी बनविलेली नवी मोटारसायकल घेऊन द्या. फेरी बंद केली तर दोन वर्षांत ती गावे दुसऱ्या दुकानाची होतात, हे पेढीवर बसणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

पुतण्याची मागणी अवाजवी नव्हती. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आणि २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स आल्यापासून अशा गाड्या आपल्याकडे सहज मिळतात. एक्सपल्सचे पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच, तर आमच्या स्प्लेंडरचे १६५. फरक मोठा आहे. पण वजनाचा हिशेबही मांडावा. स्प्लेंडर सुमारे ११२ किलो, एक्सपल्स दीडशेच्या वर आणि पहिली हिमालयन दोनशेच्या घरात. वाडीच्या वाटेवर गाडी आडवी झाली आणि आसपास कोणी नसले, तर एकट्याने कोणती उचलता येईल? शिवाय फेरीची गाडी गावाच्या पाराखाली उभी राहते. तिच्याकडे पाहूनच लोक दुकानदाराच्या नफ्याचा अंदाज बांधतात. हे कारण मी पुतण्यास सांगितले नाही, परंतु मनात होते.

शेवटी जुनीच गाडी घेऊन आम्ही तालुक्याच्या गावातील एका वयस्कर मेस्त्रीकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “शेठ, गाडी पडूच नये असं कुणी करून देत नसतं. पडल्यावर उचलली की घरी आली पाहिजे, तेवढं आपण करू.”

पहिले काम टायरचे. कंपनीच्या टायरवरील नक्षी डांबरासाठी उथळ असते. त्याऐवजी मध्यम आकाराच्या ठोकळ्यांची, सडक आणि कच्चा रस्ता या दोहोंवर चालणारी नक्षी निवडली. अगदी शर्यतीचे खोल ठोकळ्यांचे टायर डांबरावर लवकर झिजतात आणि ओल्या सडकेवर घसरतात. आपल्या फेरीत निम्म्याहून अधिक अंतर डांबरी असते, हे विसरू नये. टायर मूळ मापाचेच ठेवले. त्याहून महत्त्वाची गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे हवा. पुढील चाकात साधारण २५ पौंड हवा असते. खडीवर उतरताना दोन-चार पौंड कमी केली की टायर दगडावर उडत नाही, त्याला धरून चालतो. फार कमी केली तर ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटून दोन ठिकाणी फुटते. पुन्हा डांबरावर येताच हवा भरावी; त्यासाठी पायपंप डिकीत असावा. चाके ताऱ्यांचीच ठेवली. मिश्रधातूचे चाक देखणे खरे, पण दगडावर आपटून तडकले की संपले. ताऱ्यांचे चाक वाकले तर तालुक्याच्या गावी ताणून सरळ होते.

यानंतर मेस्त्रींनी पुढचा मडगार्ड उंच केला, आणि काळ्या मातीच्या प्रदेशात याचे मोल टायरपेक्षाही अधिक आहे असे मी म्हणेन. ओली काळी माती चाकाला थराथराने चिकटते, मडगार्ड आणि टायर यांमधील बोटभर जागा भरून टाकते आणि अखेर चाक फिरणेच थांबवते. आमच्या भागातील शेतकरी पावसाळ्यात मडगार्ड सरळ काढूनच ठेवतात. मग चिखल डोळ्यांत येतो. पट्टी घालून तो दोन-अडीच इंच वर घेतला की दोन्ही त्रास कमी होतात. तरीही खरी ओली पाणंद असेल तर कोणताही उपाय चालत नाही. गाडी डांबरावर उभी करून पायी जावे. चातुर्मासात पाणंदीत वाहन घालू नका, असे घरातील वडीलधारी सांगत. त्यात आपल्या हाडांची काळजी होती, तशीच वाटेवरच्या गोगलगायींचीही.

उरलेली कामे लहान, पण उपयोगाची. इंजिनाखाली जाड पत्र्याचे कवच बसविले. तेल काढण्याच्या बोल्टपुरते छिद्र ठेवले आणि समोरून इंजिनास वारा लागेल अशी मोकळीक राखली, कारण या इंजिनाला वाऱ्याखेरीज दुसरे थंड करणारे काही नाही. पुढील काट्यांवर रबरी भाते चढविले, म्हणजे धूळ तेलाच्या सीलपर्यंत पोहोचत नाही. पायांखालचे गुळगुळीत रबर काढून दातेरी लोखंडी पायटे लावले. मागील सॉकर ओझ्याप्रमाणे एक घर घट्ट केले. क्लच आणि ब्रेकच्या दांड्यांचे पकडबोल्ट मेस्त्रींनी मुद्दाम किंचित सैल ठेवले. पुतण्याला ते चुकले असे वाटले. मेस्त्री हसून म्हणाले, “गाडी पडली की दांडी फिरू दे, मोडू नको दे.” मागच्या चाकाची दातेरी चकती दोन दात्यांनी मोठी केली, चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये न गुदमरता चढते. त्यासाठी साखळी लांबवावी लागते आणि पेट्रोल थोडे अधिक जाते, हा त्याचा दर. साखळीचा बंद डबा मात्र काढू दिला नाही. तो जुनाट दिसतो, परंतु मुरमाच्या धुळीत साखळीचे आयुष्य तोच राखतो.

ब्रेकविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना जोडब्रेक सक्तीचा झाला. पायाने मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. डांबरावर ही सोय जीव वाचविते. सुट्या खडीवर मात्र वळणात पुढचे चाक थोडेही आवळले की ते बाजूस पळते. काही तरुण ही जोडणी सोडून टाकतात; ते करू नये. त्याऐवजी खडी सुरू होण्याआधीच वेग कमी करावा, उतारावर गिअर खाली घेऊन इंजिनाने गाडी रोखावी आणि वळणात ब्रेकला पाय लावू नये. आमच्या पुतण्याने हे मोकळ्या मैदानात आठवडाभर घोटले, तेव्हा कुठे वहिनींनी होकार दिला.

कायद्याचीही एक मर्यादा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. म्हणून सांगाडा कापणे, इंजिन बदलणे, सायलेन्सर उघडा करून वर नेणे यांपैकी काहीच केले नाही. गंमत अशी की इंग्लंडमध्ये १९२० च्या दशकात रानवाटांच्या शर्यतींना ‘स्क्रँबल’ म्हणू लागले आणि हौशी स्वार सडकेच्या गाड्यांना नेमके हेच करीत : धुराडे वर, पोटाला पत्रा, हँडल रुंद. तेथे तो खेळ होता. आमच्याकडे तोच उपद्व्याप उधारीच्या वहीसाठी चालतो.

गाडी तयार झाल्यावर दिवाळीनंतर आम्ही काका-पुतणे दोन दिवस तिच्यावर फिरलो. पहिल्या दिवशी येलदरीच्या बाजूने, धरणाच्या पाण्याकडे उतरणाऱ्या मुरमाच्या वाटांनी. मुरूम ही सर्वांत सभ्य वाट. चाक तिच्यात किंचित रुतते आणि धरून राहते. दुसऱ्या दिवशी चारठाण्याकडे. तेथील जुनी मंदिरे आणि कोरीव, उंच स्तंभ पाहावयास थांबलो. रस्ताभर सुटी खडी होती; पुतण्या चालवीत होता आणि मी मागे बसून तोंड मिटून होतो. एके ठिकाणी गाडी डोलली, त्याने ब्रेकला हात लावला नाही, पाय पायट्यांवर दाबून अंग हलके उचलले आणि चाक आपोआप सरळ आले. त्या क्षणी फेरीचा प्रश्न माझ्यापुरता मिटला. वस्सा भागाच्या वाड्या आता त्याच्याकडे आहेत.

वाचकांपैकी कोणी दुचाकीने नेमगिरीस जाणार असतील तर थोडे सांगतो. जिंतूरचे जुने नाव जैनपूर असल्याचे सांगतात. गावापासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरी आणि चंद्रगिरी या टेकड्या आहेत. नेमगिरीच्या गुंफांत भगवान नेमिनाथांची भव्य मूर्ती आहे आणि लहानशा शिळेवर तोललेली पार्श्वनाथांची मूर्ती पाहण्यासाठी दूरदूरचे यात्रेकरू येतात. हा सारा प्रदेश दगडाचा, म्हणून पावसाळ्यातही वाट फारशी फसवीत नाही. याउलट पूर्णेकाठच्या उखळदची नेमिनाथांची मूर्ती जेथे आणली, त्या नवागडचा परिसर काळ्या मातीचा आहे. तेथे पावसाळ्यात डांबर सोडून आडवाट धरू नये, गाडी कितीही सजविली असली तरी. दोन्ही क्षेत्रे एकाच फेरीत करावयाची असल्यास आधी नवागड, मग नेमगिरी असा क्रम ठेवावा. चाकाला लागलेली माती मुरमावर झडून जाते. नेमगिरीच्या पायथ्याशी गाडी लावताना बाजूच्या स्टँडखाली एक चपटा दगड घ्यावा, नाहीतर उन्हाने भुसभुशीत झालेल्या मुरमात स्टँड रुततो आणि दर्शन घेऊन येईपर्यंत गाडी आडवी झालेली असते.