पंच्याऐंशीवा प्रश्न

एच-४ व्हिसावर वहिनीला शिकायची परवानगी होती, नोकरीची नव्हती. ती येईपर्यंत म्हणून तिने टेक्सासमधल्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांचं नर्सिंग धरलं. युनिव्हर्सिटीत चार वर्षं; परवान्याची परीक्षा मात्र दोन्हीकडे एकच, एनक्लेक्स. पहाटे पाचला ती क्लिनिकलला निघायची. मी कोड लिहितो. माझी चूक रोलबॅक होते. तिची?

परीक्षा अडॅप्टिव्ह. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड. कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५०. वहिनीची ८५लाच थांबली. म्हणजे स्पष्ट पास, नाहीतर स्पष्ट नापास. मी इंजिनियर, म्हणून दादा मलाच विचारत होता. गाडीत बसताना वहिनी हळूच म्हणाली, "भाऊजी, शेवटचा प्रश्न फार सोपा वाटला हो."