सिग्नल नक्की कोणाच्या पायांसाठी?

मुलुंडला आमच्या नाक्यावरचा पादचारी सिग्नल परवा मोबाईल लावून मोजला. हिरवा माणूस २० सेकंद. रस्ता पावलांनी मोजला, साधारण २४ मीटर. आई ७४ वर्षांची. ती दुभाजक ओलांडून थोडी पुढे गेली आणि लाल झाला. दोन रिक्षा हॉर्न मारत अंगावर आल्या. घरी येऊन म्हणाली, "मला नको आता पलीकडची भाजी. तूच आणत जा."

मला राग याचा आला की आईच्या पायात ताकद आहे. भाजीच्या पिशव्या घेऊन आजही दोन मजले चढते. फक्त हळू. डॉक्टरांना विचारलं तर उत्तर एकच, "वय झालं."

पण वय झालं म्हणजे नेमकं काय झालं?

स्नायू स्वतःहून हलत नाही. मज्जारज्जूतल्या एका पेशीचा तंतू पायापर्यंत येतो आणि अनेक स्नायूधाग्यांना हुकूम देतो. साठीनंतर या पेशी वेगाने कमी होऊ लागतात. धागे पोरके होतात. मग शेजारचा तंतू नवी फांदी फोडून त्यांना दत्तक घेतो. एका वॉचमनने दोन विंग सांभाळाव्यात तसं. सगळ्यांना शेजारी मिळत नाही, ते धागे सुकतात. आणि झटका देणारे, चपळ धागे यात जास्त जातात. म्हणून ताकदीच्या आधी चपळाई जाते. धावती रिक्षा बघून पाऊल पटकन उचलणं, अडखळल्यावर सावरणं, हे आधी हरवतं.

गंमत म्हणजे तंतू आणि स्नायू जिथे जोडले जातात, ती जागा म्हातारपणी विस्कटते हे आपल्याला मुख्यतः उंदरांवरून माहीत होतं. २०१७ साली एडिंबरोच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेत कापाव्या लागलेल्या पायांतले माणसाचे जोड तपासले. ते उतारवयातही बरेचसे शाबूत निघाले. म्हणजे म्हातारं माणूस पार मोडीत निघालेलं नसतं.

१९९० साली बोस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. पूर्ण करणाऱ्यांची मांडीची ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली. नव्वदीत! गेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेल्यांकडून काम करून घेता येतं. आपल्या बागांत ओपन जिम आहेत, पण आजी-आजोबांना शिकवणारं कोणी नाही. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं, एवढ्यापासून सुरुवात होते.

आता सिग्नल. त्याची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं अनेक ठिकाणी धरतात. आमच्या नाक्याचं गणित बरोबर तेच आहे, २४ भागिले २०. २०१२ साली इंग्लंडमधल्या अभ्यासात पासष्टीपुढचे बहुसंख्य लोक या वेगाने चालू शकत नाहीत असं दिसलं. आई सेकंदाला ०.८ मीटर चालते. तिला ३० सेकंद हवेत. फक्त दहा जास्त.

आणि आपल्याकडे माहिती नाही असंही नाही. घाटकोपरपासून जवळच, देवनारला, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिच्या 'लासी' पाहणीत २०१७-१८ पासून देशभरातल्या पंचेचाळीशीपुढच्या लोकांची आणि त्यांच्या जोडीदारांची, मिळून ७२ हजारांहून जास्त जणांची माहिती घेतली. नुसते प्रश्न नाही, हाताची पकड, तोल, चालण्याचा वेगसुद्धा मोजला. ते आकडे नाक्यावरच्या खांबापर्यंत का पोचू नयेत?

मी वॉर्डात लेखी अर्ज देतोय. तुम्हीही आपापल्या नाक्यावर सेकंद आणि पावलं मोजा. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, कुठेही. आकडे कमेंटमध्ये टाका, एकत्र जोडून देऊ.

आईची भाजी मी आणीनच हो. पण तिथे तिच्या दोन मैत्रिणी भेटतात. त्या कुठून आणू?