वाटेतली ओवी

बिनतारी यंत्रे मोठी मानी. त्यांचा रुसवा काढावा लागतो! आमच्या उंबरमाळीला ट्रान्झिस्टर खरखरू लागला, की आजोबा तो जागच्या जागी हळूहळू फिरवीत. आतली फेराइटची कांडी मुंबई केंद्राकडून येणाऱ्या लहरींना आडवी आली, की १०४४ किलोहर्ट्झवर बातम्या स्वच्छ!

माझ्या वाट्याला ब्लूटूथ आले. आजीच्या जात्यावरच्या ओव्या माझ्या प्लेअरमध्ये आहेत. आजी आता नाही. भाताच्या बांधावर ऐकताना ओवी मध्येच तुटे. मुद्रणच बिघडले की काय, या शंकेने पोटात गोळा उठला. तारेचे इअरफोन लावून पाहिले, ओवी अखंड! म्हणजे दोष वाटेतला. घरात मात्र बिनतारीही नीट चाले. कारण गमतीचे आहे. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी आपल्या देहातले पाणी शोषून घेते. घरात भिंतींवरून परतलेल्या लहरी वळसा घेऊन कानाशी पोचतात. उघड्या रानात परतवायला भिंतच नाही. मागच्या खिशातून कानाकडे जाताना आड येतो तो आपलाच देह.

आता प्लेअर सदऱ्याच्या वरच्या खिशात असतो. बांधावरही आजी ओवी पुरी करते.