सुरतेतील मुक्काम

सुरतेतील जुनी मुघलसराई १६४४ साली बांधलेली. हजच्या यात्रेकरूंचा तो उतारा. आता तेथे महानगरपालिकेची कचेरी आहे. म्हणून आम्ही एका जुन्या वाड्यात उतरलो. रात्री घरधन्यांनी १६६४ व १६७० च्या लुटींचा विषय काढला. आम्ही मराठी पाहुणे, किंचित ओशाळलो! मग अभिमानाने फादर आंब्रोज यांची हकिकत सांगितली : पहिल्या लुटीत शिवाजी महाराजांनी या कापुचिन धर्मगुरूंच्या मठास धक्का लागू दिला नाही, पाद्री सज्जन आहेत असे ते म्हणाले, असे फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो.

"पाद्री वाचले हे बरेच झाले," घरधनी हसून म्हणाले, "आमच्या पूर्वजांचे घर मात्र जळाले, फादर." आम्हास उत्तर सुचेना. त्यांनी आमच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला व दिवा मालवला.