डावी कूस

लेक सातव्या महिन्यात माहेरी आली तेव्हा तिच्या सामानात कपड्यांच्या बॅगेहून मोठी एक उशी होती. घोड्याच्या नालेसारखी वळलेली. वळणावर डोकं ठेवायचं, एक हात पोटाशी घ्यायचा, दुसरा पाठीशी. पहिल्या रात्री त्या उशीनेच पलंग भरून गेला. दुसऱ्या रात्री लेक उठून माझ्या खोलीच्या दारात आली. "आई, हिच्यात फार उकडतं गं. आजीच्या गोधड्या आहेत का?"

चार आहेत. सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांच्या, त्यांनीच शिवलेल्या. धुऊन धुऊन इतक्या मऊ झाल्यात की हातात घेतल्या की आपसूक दुमडतात. एकीची घडी करून तिच्या पोटाच्या उताराखाली सरकवली, एक गुडघ्यांच्या मध्ये दिली, तिसरीची वळकटी करून पाठीमागे लावली. ती डाव्या कुशीवर वळली, एक मोठा श्वास सोडला आणि थोड्या वेळाने झोपली. मी मात्र जागीच राहिले. दुमडताना गोधडीच्या एका ठिगळावर हात पडला होता. त्या जांभळ्या लुगड्याने मला बत्तीस वर्षांमागे नेऊन ठेवलं.

कूस म्हणजे शरीराची बाजू आणि कूस म्हणजे बाईच्या पोटातली ती जागाही. झोपेत वळलो की कूस बदलली म्हणतो, मूल झालं की कूस उजवली म्हणतो. लेकरू कुशीत वाढतं आणि जन्मल्यावर पुन्हा कुशीतच घ्यावं लागतं. गावं डोंगराच्या कुशीत वसतात. दुपारच्या जेवणानंतरची वामकुक्षी, तीही डावी कूसच. गरोदर बाई कुशीवर निजते तेव्हा हे सगळे अर्थ एकाच अंथरुणावर येतात. एका कुशीला सांभाळायला दुसरी कूस.

1994 साली माझ्या वेळी आम्ही लालबागच्या चाळीत राहत होतो. दहा बाय बाराची खोली, मोरी त्यातच. रात्री जेवणं आटोपली की पाट, डबे, स्टोव्ह भिंतीला लागायचे आणि अंथरुणं पडायची. सासरे बाहेर गॅलरीत. आत सासूबाई, नणंद, धाकटा दीर, हे आणि मी. माझी जागा भिंतीकडेला. पाठीला भिंत, पोटाकडे माणूस. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जायचं तर आधी उठून बसावं लागे. पोट मोठं झालं तसा तो बेत मी सोडला आणि उताणीच पडून राहू लागले. तेवढ्याच रुंदीत मी मावत होते.

आठवा लागला असेल. एका रात्री जाग आली ती घामाने. छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटत होतं, तोंडाला पाणी सुटलेलं, कानांत घूं घूं आवाज. हाक मारावी तर आवाज फुटेना. धडपडत भिंतीकडे वळले आणि मिनिटभरात सगळं ओसरलं. इतकं सहज ओसरलं की मला भासच वाटला. कुणाला सांगितलं नाही. पण सासूबाई जाग्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी खोलीतली पत्र्याची मोठी ट्रंक गॅलरीत काढायला लावली, दिराचं अंथरुण बाहेर सासऱ्यांच्या शेजारी पाठवलं, माझ्यासाठी हातभर जागा वाढवली आणि पाठीशी एका गोधडीची वळकटी लावली. "डाव्या कुशीवर नीज. उताणी निजायचं नाही. माझी शपथ आहे."

का, ते त्यांनी चार दिवसांनी सांगितलं. दुपारी खोलीत दोघीच होतो, त्या तांदूळ निवडत होत्या. माझ्या नवऱ्याच्या आधी, कोकणात असताना, त्यांना एक मुलगा झाला होता. भरल्या दिवसांचा, पण रडलाच नाही. गळ्यात नाळेचे दोन वेढे होते. सुईणीने बाळ फडक्यात गुंडाळलं आणि तिथेच, बाळंतिणीच्या देखत म्हणाली, उताणी निजली असशील, म्हणून नाळ गुंडाळली. आत्येसासूने री ओढली. त्यानंतर तीस वर्षं ही बाई कधी उताणी झोपली नव्हती. गरोदर नसतानाही, अगदी तापातही. सांगताना त्यांचे हात थांबले नव्हते, तांदूळ निवडून होत होते. मला काय बोलावं कळलं नाही. मी ताट पुढे ओढलं आणि त्यांच्याबरोबर खडे वेचू लागले.

सुईणीचं ते बोलणं फार जुनं होतं, हे मला पुष्कळ पुढे कळलं. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, नेमकं हेच आहे: गर्भिणी उताणी निजत राहिली तर नाळ गर्भाच्या गळ्याभोवती गुंडाळते. दोन हजार वर्षांच्या आसपास हे वाक्य तोंडातोंडी वाहत आलं आणि कोकणातल्या एका बाळंतिणीच्या खोलीत येऊन तिच्या माथी बसलं. त्यातली सूचना शहाणी आहे. कारण मात्र चुकलेलं आहे. नाळ अर्धा मीटरभर लांब असते, बाळ पाण्यात गिरक्या घेतं, त्या गिरक्यांत ती कधी गळ्याभोवती येते. चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्यात जन्मताना असा वेढा सापडतो आणि त्यातली बहुतेक सगळी खणखणीत रडतात. आई कशी निजली याचा त्या वेढ्याशी काही संबंध नाही. उठून बसूनच कूस बदलावी, नाहीतर नाळेला पीळ पडतो, हेही तसंच. पीळ पडत नाही.

उताणं निजण्यातली खरी अडचण आईच्या पाठीकडे आहे. पाय, मांड्या, ओटीपोट यांतलं रक्त हृदयाकडे परत नेणारी एक मोठी शीर असते, अधोमहाशीर. पाठीच्या कण्याला लागून, किंचित उजवीकडे. तिची भिंत पातळ, मऊ. एरवी मुठीएवढं असलेलं गर्भाशय पाचव्या महिन्यात बेंबीपर्यंत येतं, आणि दिवस भरत आले की बाळ, वार, पाणी आणि ते स्वतः मिळून पाच किलोच्या घरात जातं. बाई उताणी झाली की हे सगळं वजन कण्यावर आणि त्या शिरेवर टेकतं. शीर दबते, हृदयाकडे रक्त कमी पोचतं, रक्तदाब उतरतो. घाम, मळमळ, घुसमट. चाळीतली माझी ती रात्र. पुष्कळ जणींना यातलं काही जाणवतही नाही, कारण रक्त कण्याजवळच्या लहान शिरांमधून आडवाटेने वर जातं. बाळाला जाणारं रक्त मात्र थोडं कमी होऊ शकतं. डावीकडे वळलं की ओझं शिरेवरून सरकतं. सिझेरियनच्या टेबलावरही म्हणूनच बाईच्या उजव्या कुल्ह्याखाली पाचर ठेवतात आणि तिला डावीकडे किंचित कलती करतात. किंचितच. अगदी काटकोनात कुशीवर पडायला हवं असं नाही. पाठीमागे गोधडीची वळकटी असली आणि झोपेत आपण तिच्यावर रेललो, तरी तेवढ्या कलाने काम होतं. हे वाचलं तेव्हा मला त्या वळकटीचं फार अप्रूप वाटलं. सासूबाईंनी ती मला शपथ घालून दिली होती, शीर माहीत नसताना.

लेक आली तेव्हा फोनवर वाचून वाचून घाबरलेली होती. रात्री तीनदा उठून स्वतःला तपासायची, मी डावीकडेच आहे ना? एकदा पहाटे उताणी जाग आली तर रडायलाच लागली. "आई, किती वेळ मी अशी होते कोण जाणे. बाळाला काही झालं असेल तर?" तिच्या तोंडून मला साठ वर्षांपूर्वीची सुईण ऐकू आली. मी दिवा लावला नाही. तिच्याशेजारी बसले आणि मला ठाऊक होतं ते सगळं सांगितलं.

सांगितलं की या प्रश्नाचा माणसांनी खरोखर अभ्यास केला आहे. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन इथल्या पाहण्या एकत्र करून 2019 साली जो निष्कर्ष निघाला, तो असा की 28 आठवड्यांनंतर उताणं झोपी जाणाऱ्या बायकांमध्ये मूल पोटातच दगावण्याचा धोका अडीच पटींहून थोडा अधिक दिसला. अडीच पट ऐकून छातीत धस्स होतं. पण मुळात हे संकट विरळ आहे, आणि विरळ गोष्ट अडीच पट झाली तरी विरळच राहते. उताण्या निजलेल्या बहुतेक सगळ्या बायकांची बाळं सुखरूप जन्मतात. त्याच अभ्यासात डावी आणि उजवी कूस दोन्ही सारख्याच सुरक्षित दिसल्या. डावा कुल्हा दुखला तर उजवीकडे वळ, काही बिघडत नाही. त्याच वर्षी अमेरिकेत आठ हजारांहून अधिक पहिलटकरणींचा अभ्यास आला. त्यांत 30 आठवड्यांपर्यंत कोण कशी झोपते याने काही फरक पडलेला नव्हता. म्हणजे सहा महिने होईपर्यंत तुला जशी झोप लागली तशी लागली, त्याची खंत करायची नाही.

आणि त्या पाहण्यांमध्ये विचारलं गेलं होतं ते, झोपी जाताना कशी होतीस. रात्रभर कशी होतीस, ते कुणालाच सांगता येत नाही. झोप लागताना आपण ज्या अंगावर असतो त्याच अंगावर बराचसा वेळ जातो, म्हणून सुरुवात कुशीवर करायची. मधे उताणी जाग आली तर वळायचं आणि परत झोपायचं. लघवीला उठलीस तर परत आल्यावर पुन्हा कुशीवर. दुपारच्या झोपेलाही तेच. बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र कूस बदलून वाट पाहत बसायचं नाही, त्याच वेळी दवाखान्यात जायचं, मध्यरात्र असली तरी.

लेकीने विचारलं, "मग आजीचं ते बाळ?"

मी बराच वेळ बोलले नाही. मग म्हणाले, एका मुलाच्या जाण्यावरून मागे जाऊन एका रात्रीला बोट लावता येत नाही. कुठल्याच डॉक्टरला नाही. त्या सुईणीला तर मुळीच नाही. हे मला सासूबाईंना सांगायचं होतं. त्या 2006 मध्ये गेल्या. तोवर मला वेढ्यांचं हे काही ठाऊक नव्हतं आणि मी कधी कुणाला विचारलंही नव्हतं. त्यांनी तांदूळ निवडता निवडता मला सांगितलं, त्या दुपारनंतर मी एखाद्या डॉक्टरला एवढं विचारू शकले असते. नाळेचा वेढा कशाने पडतो हो? एवढंच. बारा वर्षं मला सुचलं नाही.

आता आमच्या रात्रींना वळण पडलं आहे. संध्याकाळचं जेवण साडेसातला, म्हणजे निजेपर्यंत ते खाली उतरतं. जळजळ झाली तर डोक्याखाली एक उशी वाढवायची. त्यालाही डावी कूसच बरी पडते. पोटरीत वांब आला की मी तिची टाच धरते आणि चवडा तिच्या गुडघ्याकडे दाबते, तेवढ्यात गाठ सुटते. उठताना सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर यायचं, गुडघे एकमेकांना लावून पाय पलंगाखाली सोडायचे आणि हाताने रेटून बसायचं, म्हणजे ओटीपोटाला हिसका बसत नाही. जावई शनिवारी येतात तेव्हा हे सगळं तेही करतात. पाठीमागची गोधडी रात्री घसरली की झोपेतच ती परत लावतात, हे मी दारातून पाहिलं आहे.

लेकीला पलंग आहे, पंखा आहे, दोन माणसं उठायला आहेत. दिवाळी सरली की बीडकडून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांमध्ये सातव्या-आठव्यातल्या बायका असतात. कोपीत जमिनीवर निजतात, पहाटे अंधारात उठून फडात जातात. कुठल्या कुशीवर, हे त्यांना कोण विचारणार? दिवसभर मोळ्या वाहून जे अंग टेकतं ते जिथे टेकेल तिथे. डाव्या कुशीवर निजा असं सांगण्याआधी निजायला वेळ आणि वळायला हातभर जागा द्यावी लागते. चाळीत ती जागा मला एका बाईने ट्रंक बाहेर काढून दिली होती.

तुमच्या घरात कुणी दोन जिवांची असेल तर तिचं अंथरुण भिंतीपासून सोडवा. एक जुनी गोधडी तिच्या पाठीशी लावा, एक गुडघ्यांत द्या. आणि सकाळी ती म्हणाली, मला उताणी जाग आली, तर तिला एवढंच म्हणा, जाग आली ना, मग झालं. चहा टाकते, तू पड थोडी.