माप कित्याचें?

एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात मी काजूच्या पानांच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण बनवले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं कडुनिंबाच्या पानांवरचं असंच संशोधन 2004 मध्ये प्रसिद्ध झालं होतं. आमच्या मोपाच्या घरामागे काजूच काजू, म्हणून मी काजू घेतला. सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यासारख्या द्रावणात अर्क ओतला, की रंग हळूहळू पिवळा, मग तपकिरी होत जातो. तो रंग पहिल्यांदा चढताना पाहिला तेव्हा मी प्रयोगशाळेत चक्क टाळ्या वाजवल्या होत्या.

पुढचं काम सोपं वाटलं होतं. कण किती मोठे, एवढंच तर मोजायचं!

क्ष-किरण विवर्तनाने उत्तर दिलं: 14 नॅनोमीटर. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या फोटोंवरून मी एकेक कण मोजला, सरासरी आली 22. आणि डीएलएस नावाच्या यंत्राने, जे पाण्यातल्या कणांवर लेझर टाकून मोजतं, सांगितलं 68. कुपी तीच, कणही तेच आणि आकडे तीन!

खरं सांगते, माझ्या पहिल्या मसुद्यात 68 नव्हता. 14 आणि 22 निदान शेजारी वाटतात. 68 लिहिला तर परीक्षक म्हणतील, हिला प्रयोग जमला नाही. यंत्रच बिघडलं असेल, अशी मी स्वतःची समजूतही घातली.

त्याच सुट्टीत घरी गेले. एप्रिल महिना, काजूचा हंगाम. सड्यावरून विमान उठलं की आमची कौलं थरथरतात. 2023 च्या जानेवारीपासून ही आमची नवी घंटा. आजो भाटीजवळ बसला होता. मी वैतागून त्याला माझे तीन आकडे सांगितले. नॅनोमीटर म्हणजे काय ते त्याला ठाऊक नाही. तो एवढंच म्हणाला, "बाय, माप कित्याचें तें आदीं सांग."

मग त्याने फेणीत ग्राव मोजायची काचेची नळी सोडली. चांगली फेणी साधारण 19-20 ग्रावची. पण फेणी गरम असताना तो कधीच मोजत नाही. गरम फेणी हलकी होते, नळी जास्त बुडते आणि ग्राव खोटा चढतो. नळीनंतर त्याने बाटली हलवून वर येणारे मणी पाहिले. शेवटी तळहातावर दोन थेंब चोळून वास घेतला. नळीला वास कळत नाही आणि नाकाला ग्राव मोजता येत नाही. म्हणून त्याला तिन्ही लागतात.

परत आल्यावर मी यंत्रांना तोच प्रश्न विचारला. क्ष-किरण मोजतात ते स्फटिकाचा अखंड तुकडा. एका कणात असे दोन-तीन तुकडे चिकटलेले असू शकतात, म्हणून 14. सूक्ष्मदर्शक सुकवलेल्या थेंबातली चांदी दाखवतो, म्हणून 22. डीएलएस मात्र कण पाण्यात किती वेगाने थरथरतो यावरून आकार काढतं. मोठा कण सुस्त, लहान कण चपळ. तिथे चांदीभोवतीचं पानांतल्या रेणूंचं आवरण आणि त्याला धरून असलेलं पाणीसुद्धा मोजलं जातं. आजोच्या नळीसारखंच तापमान इथेही चालतं: यंत्राला ते चुकीचं सांगितलं तर आकडाही चुकतो.

पण आवरणाने 22 चे 68 होतात का? इथे मला घाम फुटला. इतक्या लहान कणांनी विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घातात वाढतो. म्हणजे तिप्पट मोठा एक गठ्ठा 729 लहान कणांइतका चमकतो. थोडे गठ्ठे असले तरी डीएलएस त्यांचीच गोष्ट सांगणार. आणि गठ्ठे होते. मला ते माहीत होतं. सूक्ष्मदर्शकाच्या पाच फोटोंपैकी मी सुंदर, सुटे कण असलेले दोनच मोजले होते. उरलेल्या तिघांत कण घोळक्याने बसले होते. ते थेंब सुकताना झालं असेल, म्हणून मी ते बाजूला सारले होते. 68 सांगत होता, की घोळके पाण्यातही आहेत.

पाचही फोटो पुन्हा मोजले. दोन रात्री गेल्या. सरासरी 22 वरून 29 वर गेली. माझा प्रयोग मला वाटला होता तितका देखणा नव्हता.

प्रबंधात मी तिन्ही आकडे एका तक्त्यात लिहिले आणि प्रत्येकासमोर एक जादा रकाना ठेवला: 'कशाचं माप'. तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी बोट नेमकं तिथेच ठेवलं. "यातला खरा आकार कोणता?"

"सर, तिन्ही खरे," मी म्हटलं. "पण या कणांचं औषधी मलम करायचं असेल, तर गठ्ठ्यांमुळे आज ते चालणार नाही."

सरांनी पान उलटलं आणि गठ्ठे कसे मोडणार, ते विचारलं. त्यावर आमचं बोलणं वीस मिनिटं चाललं.

संध्याकाळी घरी फोन केला. आजोने निकाल विचारलाच नाही. म्हणाला, औंदा फेणी बरी उतरलीय.